कोइंबतूरची हवा, त्रिशूरची हवा

आमच्या मंडळाच्या वार्षिक अंकासाठी प्रवासावर काहीतरी लिहून दे, असं ग्रंथालयातल्या काकू म्हणाल्या, तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं. कारण साधं आहे. मी मराठी ऐकत मोठी झाले, पण बोलताना माझ्या तोंडून हिंदीच निघते. आई-बाबा मराठीत विचारतात, मी हिंदीत उत्तर देते, आणि आमच्या घरात याचं कुणाला नवल वाटत नाही. तरी लिहिते आहे, कारण दक्षिणेत जाऊन आल्यापासून गल्लीत प्रत्येक जण एकच विचारतो, "काहून चालले इतक्या दूर? नवा रायपुरात नोकऱ्या नाहीत का?" प्रत्येकाला दारात उभं राहून सांगण्यापेक्षा एकदा कागदावर सांगितलेलं बरं.

आम्ही रायपूरजवळ बिरगावात राहतो, उरल्याच्या कारखान्यांच्या कडेला. माझे आजोबा भंडाऱ्याकडून इथे कामाला आले आणि इथलेच झाले. बाबा सव्वीस वर्षं एका रोलिंग मिलमध्ये होते. लालभडक सळई एका रोलातून बाहेर आली की ती चिमट्याने पकडायची आणि वळवून पुढच्या रोलात घालायची, हे त्यांचं काम. गेल्या वर्षी त्यांना जिना चढताना दम लागू लागला. शंकर नगरातल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि बाबांकडे न बघताच विचारलं, "काम क्या करते हो?" मग म्हणाले, नुसतं काम सोडून भागणार नाही, धूळच सोडावी लागेल. बाबांनी काम सोडलं. धूळ मात्र सुटली नाही, कारण ती आमच्या छतावर, पिण्याच्या माठावरच्या फडक्यावर आणि तुळशीच्या पानांवर बसतेच.

घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. झाले आणि अन्नपदार्थ तपासणाऱ्या एका कंपनीने मला निवडलं. पत्रात लिहिलं होतं की जागा दोन ठिकाणी आहेत, तमिळनाडूत कोइंबतूर आणि केरळात त्रिशूर. काम तेच, पगार तोच. पसंती पुढच्या रविवारपर्यंत कळवायची. मैत्रिणी म्हणाल्या, चिठ्ठी टाक. पण मी एकटी जाणार नव्हते. आई-बाबांना घेऊन जाणार होते आणि परत येण्याचा विचार नव्हता. म्हणजे मला नोकरीचं गाव नाही, बाबांनी उरलेलं आयुष्य श्वास घ्यायची जागा निवडायची होती. एकवीस वर्षांच्या मुलीने हे ठरवावं याची मला भीती वाटत होती, आणि अजूनही वाटते.

आई शाळेत मध्यान्ह भोजन रांधते, तिला सुट्टी मिळाली नाही. म्हणून मी आणि बाबा, दोघंच निघालो. दोन्ही गावं एकाच गाडीच्या वाटेवर आहेत, हे आम्हाला तिकीट काढताना कळलं.

कोइंबतूर

दीड दिवसाने सकाळी स्टेशनाबाहेर आलो आणि पहिल्यांदा जाणवला तो वारा. जुलै महिना, पण आपल्याकडचा चिकट उकाडा नाही. पश्चिमेकडून एकसारखा वारा येत होता, इतका की फुलवालीने गजऱ्यांच्या टोपलीवर ओलं फडकं घालून वर वजनाचं माप ठेवलं होतं. लॉजच्या मॅनेजरने सांगितलं की पश्चिमेला डोंगरांच्या रांगेत एक मोठी खिंड आहे, केरळातला पावसाळी वारा त्या फटीतून इकडे शिरतो. पाऊस तिकडेच राहतो, वारा तेवढा आम्हाला मिळतो. बाबा रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि त्यांनी छाती भरून श्वास घेतला. मग कुंपणावरच्या कण्हेरीचं एक पान दोन बोटांत धरून पुसलं आणि बोट डोळ्यांसमोर धरलं.

ही त्यांची जुनी सवय. आमच्याकडे हवा कशी आहे ते आकाशाकडे बघून कळत नाही, पानावरून बोट फिरवून कळतं.

"क्या निकला?" मी विचारलं.

"माती आहे. काळं नाही."

आम्ही एका छोट्या हॉटेलात जेवायला बसलो. नुसत्या इडलीबरोबर चार वाट्या आल्या. चारही संपल्या की वाढपी न विचारता परत भरून जायचा. सांबारात शेवग्याच्या शेंगा होत्या. बाबा खूश झाले. "हे पाय, मुनगा," ते म्हणाले. छत्तीसगढात शेवग्याला मुनगाच म्हणतात आणि बाबांच्या दृष्टीने ज्या गावात मुनगा मिळतो ते गाव अर्धं ओळखीचं. पाण्याचंही कौतुक वाटलं. कोइंबतूरचे लोक आपल्या नळाच्या पाण्याबद्दल आपण तांदळाबद्दल बोलावं तसं अभिमानाने बोलतात. मी प्यायले. खरंच गोड होतं.

प्रयोगशाळा पाहिली. माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाची भिंगं उसनी आणावी लागायची, इथे प्रत्येक टेबलावर एक सूक्ष्मदर्शक होता. तिथल्या मुली केसांत मोगरा माळून, वर पांढरी टोपी घालून काम करत होत्या. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मला वाटलं, मी इथे शोभेन का?

दुपारी घर पाहायला गेलो. डोंगराच्या बाजूची वस्ती, दोन खोल्या, वर मोकळी गच्ची. खाली राहणारे भाडेकरू निघाले मराठी, सांगलीकडचे शिंदेकाका. त्या बाजूची पुष्कळ माणसं सोनं गाळायच्या धंद्यात दक्षिणेत पांगलेली आहेत, हे मला माहीत नव्हतं. काकांना इथे तीस वर्षं झालीत. बाबांनी त्यांना रायपूरहून आल्याचं सांगितलं, तब्येतीचं सांगितलं, आणि बरंच काही सांगितलं. काका शांतपणे ऐकत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, तुझा बाप बोलतोय त्यातलं निम्मं हिंदीच हाय की."

"आन तुमचं निम्मं तमिळ," बाबा म्हणाले.

काकूंनी हसत हसत चहा आणला. चहा नव्हे, कॉफी. पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात ओतून फेस आणलेली. जाताना त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आईला सांग, इथं आम्ही पंधरा घरं हाओत. हळदीकुंकवाला बाई कमी पडत नाही." मला ते फार मोठं वाटलं. आईची सगळी काळजी तीच होती, की तिथे मी बोलू कोणाशी. मी त्याच क्षणी मनात कोइंबतूर लिहून टाकलं होतं.

कोइंबतूर, दुसरा दिवस

सकाळी मी कागदपत्रं दाखवायला पुन्हा प्रयोगशाळेत गेले. बाबांना म्हटलं, लॉजवर आराम करा. दीडला परत आले तर खोलीला कुलूप. फोन वाजत होता, उचलत नव्हते. मॅनेजर म्हणाला, सकाळीच बाहेर पडले, शहराच्या उत्तरेकडे जाणारी बस विचारत होते. तासाभराने त्यांचाच फोन आला.

"मी आहोच इथं. एका कारखान्यापाशी बसून राहिलो. तू ये, जेवून जाऊ."

मी पोचले तेव्हा बाबा एका फाउंड्रीच्या फाटकासमोर, चिंचेखालच्या बाकावर बसले होते. शेजारी त्यांच्याच वयाचा एक माणूस, खाकी सदऱ्याच्या दोन्ही बाह्या जळक्या ठिपक्यांनी भरलेल्या. त्याचं नाव मुरुगेसन. तो तिथला मेस्त्री, म्हणजे भट्टीवरचा मुख्य माणूस. बिहार-ओडिशाच्या मजुरांबरोबर काम करून करून त्याला हिंदी येऊ लागली होती. त्याचा डबा दोघांच्या मध्ये उघडा होता. रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, सकाळी ताक घातलेला, सोबत छोटे कांदे आणि हिरवी मिरची.

"पाय बेटा," बाबा म्हणाले, "हे त बोरे बासी आहे. आपलंच जेवण. हा म्हणते की हा आपलं आहे."

"हमारा है," मुरुगेसन म्हणाला. "दो हजार किलोमीटर दूर से आके बोलता है मेरा है."

दोघं हसले. मग बाबा हातवारे करून सांगू लागले की सळई कोणत्या रंगाला आली की पकडायची, नारिंगीपेक्षा थोडी अलीकडे, पिवळ्याच्या थोडी पलीकडे. मुरुगेसन मान हलवत होता. तो म्हणाला की ओतकामात रंगावर जायचं नाही, वितळलेल्या लोखंडाच्या वरची साय कशी सरकते ते बघायचं. बाबांनी ते दोनदा विचारून घेतलं. वर्षभरात मी बाबांना असं बोलताना पाहिलं नव्हतं. घरी ते टीव्हीसमोर बसतात आणि टीव्ही बंद असला तरी तिथेच बसतात. इथे त्यांचे हात, पाठ, मान, सगळं जागं झालं होतं.

मुरुगेसनने माझ्याकडे पाहून सांगितलं, "बेटी, इधर आदमी नहीं मिलता. लड़का लोग आता है, दो महीना, भाग जाता है. तुम्हारा पापा आएगा तो उठाना-वठाना कुछ नहीं. खाली देखने का, बोलने का."

बाबा डब्याचं झाकण लावू लागले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पण त्यांच्या केसांत बारीक काळी वाळू चमकत होती.

बसमध्ये मी विचारलं, "आप अंदर गए थे?"

"थोडासा," ते म्हणाले. त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता आणि चेहरा आनंदी होता.

खिंडीतून पलीकडे

कोइंबतूर ते त्रिशूर बसने तीन-साडेतीन तास. वाटेत ती खिंड लागते. डाव्या-उजव्या हाताला उंच निळे डोंगर, मध्ये सपाट रस्ता, आणि अर्ध्या तासात सगळं बदलतं. कोरडी तांबडी जमीन संपते, ताडाची झाडं, मग भातशेती, मग नारळ, मग नुसतं हिरवं. दुकानांवरची अक्षरं गोल होती तीही आणखी गोल होतात. मला हे सगळं डोळे भरून पाहायचं होतं, पण आम्ही भांडत होतो.

इथे एक गंमत सांगते. रायपुरात आम्ही चारचौघांत हिंदी बोलतो आणि मराठी राहते ती घरात, तीही आई-बाबांची. या प्रवासात उलटं झालं. हिंदी बऱ्याच जणांना थोडीथोडी कळत होती, म्हणून जे कुणाला कळू द्यायचं नाही ते मराठीत बोलावं लागायचं. त्यामुळे मला भांडावंही मराठीत लागलं, आणि मला भांडणाची मराठी येत नव्हती.

मी म्हटलं, "तुम्ही तिथे कामावर जाल. मला कळतं."

"देखरेखीचं काम आहे. उचलायचं नाही काही."

"धूळ तर आहे ना."

"धूळ कोठी नाही?"

"म्हणूनच तर केरळ बघायला चाललो आपण."

बाबा खिडकीकडून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "एक सांग मले. तू मले वाचवायले नेऊन राहिली, की ठेवायले?"

मी पाण्याची बाटली काढून त्यांच्या हातात दिली. 

त्रिशूर

त्रिशूरला पाऊस होता. आपल्यासारखा गाजावाजा करणारा नाही. तो पडतो, थांबतो, परत पडतो, आणि कुणी त्याची दखल घेत नाही. लोक छत्री उघडून तसेच गप्पा मारत चालत राहतात. मध्यभागी मोठं देऊळ, त्याच्या भोवती झाडांचं मैदान, मैदानाभोवती गोल रस्ता, आणि सगळं गाव त्या रस्त्याला धरून पसरलेलं. इतक्या वर्दळीत रस्त्यावर कचरा दिसला नाही. बायका एकट्या, घाई न करता चालत होत्या. बसमध्ये पुढच्या जागा बायकांच्या, आणि तिथे बसलेला पुरुष बाई दिसली की न सांगता उठत होता. प्रयोगशाळा कोइंबतूरपेक्षा लहान होती, पण प्रमुख बाई स्वतः मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, "भाषा सहा महिन्यांत येते. आम्ही सगळे शिकवतो." त्या बोलल्या इंग्रजीत, मला कळावं म्हणून अगदी सावकाश.

उरल्यातल्या एका मल्याळी इलेक्ट्रिशियनने आम्हाला त्याच्या भावाच्या ओळखीच्या बाईंचा पत्ता दिला होता. शांता चेची. चेची म्हणजे ताई. साठीच्या, पांढरी साडी, कपाळावर चंदनाची बारीक रेघ. घर शहराबाहेर, भाताच्या खाचरांना लागून, मागच्या बाजूला दोन खोल्या भाड्याच्या. त्यांनी आम्हाला आधी बसवलं आणि दोन स्टीलचे पेले पुढे ठेवले. पाणी कोमट आणि गुलाबी होतं.

बाबांनी पेला उजेडाकडे धरला. मग हळूच मला म्हणाले, "पिऊ नको. टाकी गंजली यांची. यात लोखंड आहे."

मीही पेला खाली ठेवला. चेची पाहत होत्या. मग त्यांनी आतून लाकडाच्या लालसर ढलप्यांचा डबा आणून दाखवला. त्या पाण्यात टाकून उकळतात, पाणी शुद्ध होतं आणि रंग येतो. तिकडे घरोघरी असंच पाणी पितात. बाबा ओशाळले आणि दोन पेले प्यायले.

पण खरी चूक पुढे झाली. खोली पाहताना बाबांचा हात सवयीने खिडकीच्या चौकटीवर गेला. त्यांनी बोट फिरवलं, डोळ्यांसमोर धरलं, मग पलीकडची चौकट, मग दाराची वरची पट्टी. प्रत्येक वेळी बोट बारकाईने पाहिलं. मी वळले तर चेचींचा चेहरा लाल झाला होता.

"देखो भैया," त्या स्वच्छ हिंदीत म्हणाल्या, "घर मैंने खुद साफ किया है. दो दिन लगा. ऐसे उंगली लगाके तो मेरी सास ने भी कभी नहीं देखा."

बाबांनी हात मागे घेतला.  मीच पुढे होऊन सांगितलं की आम्ही उरल्याच्या शेजारी राहतो, आमच्याकडे हवा अशीच पाहतात, तुमच्या सफाईचा प्रश्न नाही. बाबांच्या छातीचंही सांगितलं. चेचींचा चेहरा निवळला. मग त्यांनी विचारलं, "उरला? रायपुर वाला?"

"हाँ."

"हव," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघंही त्यांच्याकडे पाहत राहिलो. 'हव' म्हणजे छत्तीसगढीत 'हो'. केरळातल्या खाचराच्या काठावर, चंदन लावलेल्या बाईच्या तोंडी. मग कळलं की चेची लग्नानंतर वीस वर्षं भिलाईकडे राहिलेल्या. नवरा तिकडे एका लहानशा खासगी कारखान्यात फिटर होता, त्याचीही छाती बिघडली तेव्हा दोघं इकडे परतले. "मैं तुलसी को रोज़ सुबह नहलाती थी," त्या म्हणाल्या. "पूजा के लिए नहीं. पत्ता दिखना चाहिए इसलिए." आता त्या हसत होत्या. त्यांनी बाबांना हाताला धरून बाहेर नेलं आणि स्वतःच जास्वंदीचं एक पान त्यांच्या बोटांत दिलं. बाबांनी पुसलं. बोट ओलं झालं, बस.

दुपारी आईला व्हिडिओ कॉल लावला. तिने खोली पाहिली, विहीर पाहिली, आणि मग तिला आतल्या ओसरीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधलेल्या दोऱ्या दिसल्या. त्यांवर कपडे होते.

"हे आत काहून वाळत घातले?"

मी ते हिंदीत सांगितलं, तेव्हा चेचींनी फोन घेतला. "बारिश है ना दीदी. चार महीना अंदर ही."

"म्हणजे इथं धुळीपायी आत, तिथं पावसापायी आत," आई म्हणाली. "माझ्या नशिबी दोरी घरातच आहे. कोइंबतूरची गच्ची किती मोठी आहे म्हणाली तू?"

चेचींना मराठी कळत नव्हती, पण आईचा सूर कळला असावा. त्या खूप हसल्या. म्हणाल्या, ही आली तर माझं चांगलं जमेल.

त्रिशूर, दुसरा दिवस

रात्री चेचींनी आम्हाला त्यांच्याकडेच ठेवून घेतलं. सकाळी उठल्यावर लक्षात आलं की बाबा रात्री खोकले नव्हते. किंवा मीच गाढ झोपले होते. नक्की सांगता येत नाही. पण ते माझ्या आधी उठून अंगणात उभे होते आणि त्यांच्या श्वासाचा आवाज येत नव्हता.

नाश्त्याला पुट्टू होता. तांदळाचं जाडसर पीठ आणि ओलं खोबरं नळकांड्यात थर देऊन वाफवतात आणि काळ्या हरभऱ्याच्या रश्शाबरोबर खातात. छत्तीसगढात आपण तांदळाच्या पिठाचा फरा वाफवतो त्याचा हा सुटसुटीत भाऊ म्हणावा. दुपारचा भात लालसर आणि एवढा जाड की बाबांनी एक शीत ताटाच्या कडेला ठेवून निरखलं. छत्तीसगढच्या माणसाला दुसऱ्याचा भात सहज आवडत नाही. त्यांना आवडला.

मग आम्ही खाचरांच्या बांधावरून फिरायला गेलो. त्या दिवसांत तिथली शेतं पाण्याखाली असतात. नजर जाईल तिथवर पाणी, मधून एकच बारीक रस्ता, आणि पाण्यात आकाश. पांढरे बगळे. मी आजवर पाहिलेली ही सगळ्यात सुंदर जागा. मी बाबांना तसं म्हटलं. ते म्हणाले, "हो. लय चांगलं आहे." आणि थोड्या वेळाने, "इथं माणूस काय करते दिवसभर?"

रस्त्यावर भेटणारे हसायचे, काहीतरी विचारायचे. बाबा हसायचे. पुढे काही नाही. टपरीवर ते अर्धा तास बसले. चहा छान होता, शेजारचे दोघं पेपर मोठ्याने वाचून वाद घालत होते, आणि बाबा एकदा याच्या, एकदा त्याच्या तोंडाकडे पाहत होते. ज्या माणसाने परवा चिंचेखाली हातवारे करून गप्पा मारल्या तो हाच, हे मला बघवेना.

निघायच्या आधी बाबांनी चेचींना विचारलं, "आपके साहब इधर आए, तो पहला साल क्या करते थे?"

 चेचींच्या यजमानांना जाऊन चार वर्षं झाली होती. "पहला साल बहुत खराब था, भैया," त्या म्हणाल्या. "सुबह आठ बजे जूता पहनते थे. गेट तक जाते थे. खड़े रहते थे. फिर वापस आके जूता उतारते थे. रोज़. मैं कुछ नहीं बोलती थी."

"फिर?"

"फिर मुर्गी पाल लिया. मुर्गी को भी शिफ्ट में दाना डालते थे. ए शिफ्ट, बी शिफ्ट." त्या हसल्या. "ग्यारह साल और जिए. डॉक्टर ने तीन बोला था."

बाबांनी मान हलवली. 

रायपूर

परतीच्या गाडीत मी ठरवलं. केरळ मला जास्त आवडलं होतं, ते पाणी, ती चेची, एकटीने निर्धास्त चालणाऱ्या त्या बायका. पण बाबांचा तो बसमधला प्रश्न माझ्या मनातून जात नव्हता. ज्या माणसाने मला शिकवण्यासाठी सव्वीस वर्षं आगीसमोर काढली, त्याला मी पहिल्या पगाराच्या जोरावर एका हिरव्या अंगणात नेऊन ठेवणार, आणि त्याने तिथे बूट घालून फाटकापर्यंत जावं? कोइंबतूरला आईला पंधरा घरं होती, गच्ची होती, बाबांना मुरुगेसन होता. ते आत जातील की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवायचं. मी त्यांची मुलगी आहे, पहारेकरी नाही.

रविवारी दुपारी मी फोनवर फॉर्म उघडला. आई खाली बसून लाल भाजी निवडत होती. बाबा नेहमीच्या खुर्चीत, टीव्ही बंद.

"बाबा, मी तमिळनाडू लिहिते आहे," मी मराठीतच म्हटलं.

"काहून?"

"तिथे तुम्ही हसलात."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "हसलो. म्हणूनच नको."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"तिथं राहिलो त आठ दिवसांत मी आत जाईन. तो म्हणते खाली देखने का. भट्टीपाशी नुसतं पाहत कोणी उभं राहते का? महिन्याभरात हातात काहीतरी येईल. तू दिवसभर कामावर. तुह्या आईले सांगीन, फिरायले गेलो होतो. मले माझा भरोसा नाही, बेटा. केरळ लिही."

"आणि तिथे करमलं नाही तर?"

"नाही करमणार. एक वर्ष. तिचा नवरा अकरा वर्षं जगला."

आईने भाजीची जुडी खाली ठेवली. "मले विचारलं का कोणी?"

"सांग तू," बाबा म्हणाले.

"मी तिथं बोलू कोणाशी? एक चेची. तीही हिंदीत."

"तुही पोट्टी एकवीस वर्षांपासून हिंदीतच बोलून राहिली ना तुह्याशी. जगलीच ना तू."

आईने माझ्याकडे पाहिलं आणि तिला हसू आलं. ते लपवायला तिने परत जुडी उचलली. देठ मोडता मोडता म्हणाली, "लिही. पण पहिलं वर्ष यांनी तोंड पाडून बसायचं असंन त तिकडं विहिरीकडं तोंड करून बसावं. माझ्यासमोर नाही."

मी तमिळनाडू पुसलं. केरळ लिहिलं. माझा अंगठा बटणाच्या वरच थांबला, कारण मला अजूनही कळत नव्हतं की आम्ही बरोबर करतोय की नाही. शिंदेकाकूंना काय सांगू, मुरुगेसन वाट पाहील का, असे विचार येत होते.

"दे इकडं," बाबा म्हणाले. त्यांनी फोन घेतला, चष्मा वर करून ते अक्षर जवळून वाचलं आणि विचारलं, "कोठी दाबायचं?"

मी दाखवलं. त्यांनी अंगठा टेकवला. काही झालं नाही. सव्वीस वर्षं चिमटा धरून त्या अंगठ्याची कातडी इतकी राठ झाली आहे की फोनला तो कळेना. मी म्हटलं, मी दाबते. त्यांनी माझा हात बाजूला केला, अंगठा सदऱ्याला पुसला आणि परत दाबला. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी गेलं.